शेवटचा खांब

डाव्या पायातली चप्पल वाटेत कुठे गळाली
ते त्यांना दवाखान्यात आल्यावर कळलं,
तेही मी विचारलं म्हणून.
एप्रिलची दुपार, जळगाव, पंचेचाळीस.
डांबर असं की त्यावर कावळा उतरत नाही.
तळव्याला फोड, रुपयाएवढा,
आणि सुपडू लोटू फिरके, निवृत्त लाइनमन, सावदा,
त्या फोडाकडे बघत होते
शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसे.

घोट्यामागे चकती चिकटवली, पोटरीवर टोक टेकवलं.
दहा मिलिअँपिअर. पडद्यावर रेघ सरळ.
वीस. केळीतल्या ठिबकच्या नळीसारखी सरळ.
"काही जाणवतंय, काका?"
"कापसाच्या गठोड्यावर उभा आहे, असं वाटते."

मनगटाशी मात्र रेघ उठली.
बुटकी, पण उठली. वेग बरा, उंची कमी.
"मंजे तार तुटेल नही," ते म्हणाले,
"दाब पडेल आहे."
बारा वर्षं हे यंत्र चालवतेय,
इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मीच बोलत बसले, बाहेर रांग असून.
की कण्याजवळ एक पेशी असते, तिची एकच तार
थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत,
आणि तिच्यात जागोजाग बारीक वीजघरं, तंतुकणिका.
आठवीत चित्र काढलं होतं मी त्यांचं,
चिंचोक्यासारखं, आत घड्या घड्या.
त्यातली बरीचशी कण्याकडून निघतात,
थांबत, मागे वळत, दिवसच्या दिवस,
आणि शेवटच्या खांबाला पोचेस्तोवर म्हातारी होतात.
साखर वीस वर्षं वर राहिली
की आतल्या घड्या मोडतात, ती फुगतात.
वीज थोडी, धूर फार;
धूर पुन्हा त्याच तारेला खातो.
बिघडलेलं परत न्यायला गाडी हवी,
गाडीला वीज हवी.

"दीपनगरचा जुना संच," ते म्हणाले.

थोडं थांबून:
"पालच्या पल्याड एक पाडा व्हता, सात घरं.
बल्बमधली तार नुसती लाल दिसे, गुंजेसारखी.
लोक अर्ज देत, मी खिशात ठेवे.
ट्रान्सफॉर्मर आले तेवढे सगळे खालीच बसले.
शेवटच्या खांबाची तक्रार कोन घेते?"

त्यांचं मन वळवायचं म्हणून मी म्हटलं,
ही वीजघरं फक्त आईकडून येतात, बापाचं एकही नसतं.
ते छताकडे बघत राहिले.
"माय अनवाणीच फिरली. वैशाखात, तापीच्या वाळूत.
चटका बसला की शिवी द्यायची, नदीला."
पंखा घरघरला.
"तिनं चांगलीच देल व्हती."

तीस. सरळ.
मी हात काढून घेतला.
"वाढव."
"काका, याच्या वर लोक ओरडतात."
"छत्तीस वर्सं झटका चुकवला, बाई.
मोजे घालून, अर्थिंग टाकून.
आमचा ओंकार खांबावरच लटकला, तेव्हा खाली मीच व्हतो.
आता येऊ दे एक."

पस्तीस. चाळीस.
पोटरीत वर कुठेतरी मांस उडालं,
ते दचकले, हसले,
आणि मग पावलाकडे बघत थांबून राहिले,
फोन लावून पलीकडून उचलायची वाट बघावी तसे.

मी अहवालात लिहिलं: प्रतिसाद नाही.

वॉचमनने चप्पल शोधून आणली,
चौकाच्या अलीकडे डांबरात रुतलेली, अंगठा ताणलेला.
फोडावर पट्टी बांधून झाली.
त्यांनी पाय पुढे केला,
आणि तो आत गेला की नाही
ते वाकून, डोळ्यांनी पाहिलं.